पंच्याऐंशी गुण आणि अक्कांचा दिवस



आज थोडं चिडून लिहिते आहे. नेहमी लोणच्याबद्दल, चातुर्मासाच्या नियमांबद्दल लिहिणारी ही बाई आज दवाखान्याच्या कागदावर का घसरली, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा कागद तुमच्याही घरी कधी ना कधी येणार आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय ७२. गेल्या श्रावणात, भर पावसात, सकाळी पाणी गाळता गाळता त्यांच्या हातातून कळशी सुटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात आणि पाय गेला. पावसहून रत्नागिरी फार लांब नाही. वेळेत नेलं म्हणून जीव वाचला. पुढे तीन महिने व्यायाम झाले. दिवाळीनंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक फॉर्म भरला आणि खाली आकडा लिहिला, १०० पैकी ८५.

पुण्याहून पुतण्याचा फोन आला, "काकू, पंच्याऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन झालं की! आता व्यायामवाल्या बाईंना थांबवू या. आई बरी झाली."

मी फोन ठेवून माजघरात गेले. डिस्टिंक्शन मिळालेली आई भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने चमच्याने भात खात होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. डावा हात कशासाठी वापरायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. उजवा लुळा पडल्यावर न्हाणीतलं कामही डाव्यानेच आणि घासही डाव्यानेच. कुणी बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड. फॉर्ममध्ये "स्वतः जेवता का" एवढंच विचारलं होतं. कोणत्या हाताने आणि कुणासमोर, हे विचारलेलं नव्हतं.

मी १९८१ सालची सांगलीची बी.कॉम. आहे. पुढे आयुष्य दुकानाच्या वह्यांत आणि स्वयंपाकघरात गेलं, पण आकडा दिसला की तो कशाची बेरीज आहे हे बघायची खोड राहिली. म्हणून थेरपिस्ट बाईंकडून तो फॉर्म मागून घेतला आणि नीट वाचला. त्यांनी न कंटाळता समजावलंही, त्यांचे उपकारच.

या मोजमापाचं नाव बार्थेल इंडेक्स. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात फ्लोरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट, अशा दोन बायकांनी तो तयार केला आणि १९६५ साली छापला. दहा बाबी, एकूण १०० गुण. जेवण १०, अंघोळ ५, तोंड धुणं-केस विंचरणं ५, कपडे १०, शौचावर ताबा १०, लघवीवर ताबा १०, संडासाचा वापर १०, खाटेवरून खुर्चीत जाणं १५, चालणं १५, जिना १०. अक्कांचे जेवणाचे पाच गेले, कारण भाकरीचा तुकडा मोडून द्यावा लागतो. कपड्यांचे पाच गेले, कारण एका हाताने निऱ्या खोचता येत नाहीत. जिन्याचे पाच गेले, कारण खळ्यात उतरायच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर कुणीतरी सोबत लागतं. उरले ८५.

आता मूळ नियम बघा. जेवणाचे पूर्ण गुण हवेत तर रोग्याने अन्न कापून घ्यायचं, मीठ-मिरपूड टाकायची, लोणी लावायचं. कपड्यांचे पूर्ण गुण हवेत तर बुटांच्या नाड्या बांधता आल्या पाहिजेत. अंघोळ टबात, शॉवरखाली किंवा अंग पुसून. मेरीलँडच्या रोग्याला हे अगदी बरोबर. त्या दोघींनी आपल्या समोरच्या माणसांचा दिवस बघून प्रश्न काढले, त्यात त्यांची काही चूक नाही. चूक आपली, की साठ वर्षं तोच दिवस आपल्या माजघरातल्या बाईला लावतो आणि वर बेरीज करून तिला पास-नापास ठरवतो.

भाषांतर केलं की झालं, असं काही जणांना वाटतं. लोण्याच्या जागी तूप लिहिलं आणि बुटांच्या जागी चपला लिहिल्या, म्हणून प्रश्न आपला होत नाही. दुसरं एक मोठं मोजमाप आहे, एफआयएम नावाचं. त्यात १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. जपानमध्ये लोक अंघोळीला खोल टबात उतरतात, तेव्हा तिथल्या अर्धांगाच्या रोग्याला टबाची बाब भारी अवघड जाते. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला तेवढी जात नाही. म्हणजे शरीर तेवढंच अधू, पण न्हाणीघर वेगळं म्हणून गुण वेगळे. युरोपातल्या सहा देशांतल्या अर्धांगाच्या रोग्यांचे याच मोजमापाचे आकडे तपासणारा अभ्यास २००५ साली आला. निष्कर्ष असा, की काही बाबी देशागणिक वेगळ्या वागतात आणि आकडे दुरुस्त केल्याशिवाय एकत्र मिसळू नयेत. युरोपातल्या शेजारी देशांची ही गत, तर पावसच्या चुलीपुढे काय होणार?

आणि बेरीज तरी कशाची? दुकानाच्या वहीत मी कधी तांदळाचे किलो आणि तेलाचे लिटर एकत्र मिळवले नाहीत. आधी दोन्हीचे रुपये करायचे, मग बेरीज. इथे अंघोळीचे ५ आणि जिन्यातले ५ सारखेच धरले आहेत. आमचं घर तळमजल्याचं, जुन्या जांभ्याचं. अक्कांना जिन्याशी काय घेणं? पण न्हाणीत पाटावर बसून बादलीतून तांब्याने पाणी घेणं, ओल्या फरशीवरून परत उठणं, हे रोजचं मरण. त्याचे पाच मिळाले, कारण मी धरत नाही. त्या भिंतीला धरून कशाबशा उठतात, ते मी दारामागून जीव मुठीत धरून बघते.

मग मी अक्कांनाच विचारलं. "तुम्हाला काय जमलं तर आपण बऱ्या झालो असं वाटेल?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

पहिलं, पाणी गाळणं. लग्न होऊन आल्यापासून, पन्नास वर्षं, या घराचं पाणी त्यांनी गाळलं. दुहेरी जाड कापड धरायचं, कळशी ओतायची, मग ते कापड उलटं धरून धुवायचं आणि जिवाणी परत विहिरीत सोडायची. दोन हातांचं काम. दुसरं, सामायिकाला खाली बसता येणं आणि आपलं आपण उठता येणं. तिसरं, सूर्य मावळायच्या आत जेवण होणं.

या तिसऱ्यावर जरा थांबा. अक्का घास स्वतः घेतात, फॉर्म म्हणतो जेवण जवळजवळ जमतं. पण हिवाळ्यात सहाला सूर्य जातो. मी दुकानातून, सूनबाई शाळेतून, कुणी पावणेसहापर्यंत आलं नाही तर ताट वाढायला कुणी नाही. उठून वाढून घेणं एका हाताने जमत नाही. मग अक्का दोन घोट पाणी पिऊन त्याग घेतात आणि उपाशी झोपतात. आम्हाला सांगतात, भूक नव्हती. दिवाळीनंतरच्या एका महिन्यात असं चार वेळा झालं आणि मला चौथ्या वेळी कळलं. ज्या बाईचा नियम घड्याळावर नाही, सूर्यावर चालतो, तिचं स्वातंत्र्य घास उचलण्यात नाही, वेळेत ताट समोर येण्यात आहे. असा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही, आणि फॉर्मवर नाही म्हणून आम्हालाही सुचला नाही. दोष कागदाचा जेवढा, तेवढाच माझा.

कुणी म्हणेल, या धार्मिक गोष्टी, वैद्यकाने त्या का मोजाव्यात? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली माणसाच्या कार्यक्षमतेचं जे वर्गीकरण केलं, त्यात धर्म आणि अध्यात्म हा स्वतंत्र मुद्दा आहे, त्याला स्वतःचा क्रमांकही आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी, संशोधकांनी १९९९ साली एक यादी छापली. ती अर्धांगासाठी नव्हती, विसरभोळेपणाच्या आजारासाठी होती. पण त्यात प्रश्न कसले होते? सण लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का, घरातल्या महत्त्वाच्या गोष्टींत मत देतात का. त्यांनी त्या गावातल्या म्हाताऱ्यांचा दिवस बघितला होता. म्हणजे हे आपल्या देशात करता येतं, केलेलं आहे.

आणि हे आपल्या महाराष्ट्रातच आधी सुचायला हवं होतं. रोग्याला रोजच्या कामांतून परत उभं करायचं, या ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली निघाली. काढली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, निंबकरांच्या घरी सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. आज अर्धांग हा काही शहरी श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या अभ्यासात खेड्यांतल्या सातांतला एक मृत्यू अर्धांगाने झालेला दिसला. जे वाचतात, ते सारवलेल्या जमिनीवर, उंच उंबरठ्यांच्या घरात राहायला परततात. त्यांच्यासाठी जमिनीवरून उठण्याचा प्रश्न जिन्याच्या आधी यायला नको का?

आता बायकांचा हिशोब. महोनी-बार्थेल बाईंनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, की शंभर गुण मिळाले तरी रोगी एकटा राहू शकेल असा त्याचा अर्थ नाही. त्याला स्वयंपाक, घरकाम, लोकांत वावरणं जमेलच असं नाही. हे वाक्य आमच्या पुतण्याला कुणी वाचून दाखवलं नाही. पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी यांनी घरकाम, स्वयंपाक, धुणं, खरेदी, औषधं, पैशांचा व्यवहार अशा आठ कामांची यादी केली. पण पुरुषांना त्यातल्या पाचांवरच गुण द्यायचे, स्वयंपाक, घरकाम आणि धुणं वगळून! वाचून हसू आलं. निदान बायकांची कामं कुठेतरी गुणांच्या रकान्यात तरी आली. आपल्याकडे मात्र पहिल्या यादीवरच गाडी थांबते. कर्त्या पुरुषाला विचारतात, कामावर कधी जाणार? बाईला विचारतात, संडासला जाता ना आपलं आपण? मग झालं.

इथवर मी कागदाला बोलले. आता आपल्याला बोलते, राग मानू नका.

माझे एक लांबचे मेव्हणे आहेत सांगलीकडे. त्यांना अक्कांपेक्षा सौम्य झटका आला. हात वर जातो, मूठ वळते. पण त्यांची बायको आणि दोन सुना त्यांना बोट उचलू देत नाहीत. घास भरवतात, अंघोळ घालतात, सदऱ्याची बटणंही लावतात. त्यांना गुण पडले ५०. का? कारण या मोजमापाचा नियम आहे, रोगी काय करू शकेल ते नाही, रोज प्रत्यक्ष काय करतो ते लिहायचं. नियम चांगला आहे. पण मग तो ५० कुणाचा? निम्मा त्यांच्या मेंदूचा आणि निम्मा तीन बायकांच्या प्रेमाचा. तिकडे एकटीच राहणारी एखादी बाई नाइलाजाने सगळं करते आणि तिला ८० पडतात. दोन आकडे शेजारी ठेवून कोण जास्त आजारी, हे सांगता येईल का? रोग्याबरोबर घरही मोजलं जातं, हे कागद सांगत नाही.

त्या वहिनींना मी हे बोलले तर म्हणाल्या, "ही तर वैयावृत्य आहे, अंतरंग तप. तुम्हाला सेवा दिसत नाही का?" दिसते. सहा अंतरंग तपांत वैयावृत्य आहे, हे मलाही पाठ आहे. पण मुनिराजांचा आहार आठवा. उभं राहून, स्वतःच्या ओंजळीत. श्रावक घास ओंजळीत ठेवतो, तोंडात नाही. तेवढी मर्यादा आपल्या धर्माने आखून दिली आहे. देणाऱ्याचा हातही लागतो आणि घेणाऱ्याची ओंजळही लागते. जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं, तेव्हा कुणावरच अवलंबून न राहणं हे आपलं ध्येय कधीच नव्हतं. पण उपकार एकमेकांवर हवा. सासऱ्यांच्या हातातला घास काढून घेतला, की त्यांच्याकडून आपल्यावर उपकार व्हायची वाट आपण बंद करतो. बरे होणारे स्नायू न वापरून निजतात, ते वेगळंच.

कुणी म्हणेल, घरच्यांनी शिकून काही फरक पडत नाही, असं तर संशोधनच सांगतं. तेही खरं बोलून टाकू. 'अटेंड' नावाचा मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. १४ रुग्णालयं, १२५० रोगी, घरच्यांना व्यायाम आणि काळजी घ्यायला शिकवलं. २०१७ साली निकाल छापला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत फरक दिसला नाही. वाचून मन खट्टू झालं. पण तिथे मुख्य मापन होतं रँकिन मोजपट्टीचं, शून्य ते सहा अशा सात पायऱ्यांचं. त्या निकालाचा अर्थ मी एवढाच घेते, की घरच्यांनी व्यायामवाल्या बाईंची जागा घेऊ नये. म्हणजे "आता बाईंना थांबवू या" म्हणणाऱ्या पुतण्याला तर तो निकाल अजिबात मदत करत नाही. आणि अक्का सूर्यास्ताआधी जेवल्या का, ते सात पायऱ्यांच्या शिडीवर दिसणारच नाही.

मी फॉर्म फाडून टाका म्हणत नाही. आकडा हवा. महिन्यामहिन्याला तोच आकडा वाढतो की घटतो हे कळतं, डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात. पण तो ताळेबंदातली एक ओळ आहे, अख्खा ताळेबंद नाही. त्या एका ओळीवर उपचार थांबवायचे नाहीत, एवढंच माझं भांडण.

मी पुतण्याला नाही म्हटलं. घरात दोन दिवस अबोला झाला. ह्यांनी माझी बाजू घेतली. थेरपिस्ट बाईंना अक्कांच्या तीन गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंत?" आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. मग व्यायाम बदलले. आधी खुर्ची, मग चौरंग, मग पाट, असं उतरत खाली बसायची सवय. हंड्याच्या तोंडावर सुतळीने कापड घट्ट बांधून दिलं, म्हणजे ओतायला एक हात पुरतो. पाणी कळशीने नाही, लहान तांब्याने ओतायचं. साडेपाचला अक्कांचं ताट झाकून त्यांच्या हाताशी ठेवायचं, हा नियम दुकानाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला.

आता चैत्र आहे, कलमांखाली पेट्या भरायची गडबड चालू आहे. अक्का पाटापर्यंत उतरतात, जमिनीपर्यंत अजून नाही. लोक म्हणतात, खुर्चीवर बसून सामायिक केलं तरी चालतं, भाव महत्त्वाचा. चालतं, पण ते त्यांनी ठरवायचं. घरातलं निम्मं पाणी त्या गाळतात. जिवाणी विहिरीत मी सोडते, त्या काठाशी उभ्या राहून नीट सोडली का ते बघतात आणि चुकलं तर रागावतात. भिंतीकडे तोंड करून जेवणं थांबलं आहे. त्यानंतर एकदाही त्या उपाशी झोपल्या नाहीत. मागच्या आठवड्यात बाईंनी परत फॉर्म भरला. ८५.

तुमच्या घरी कुणी असं आजारी असेल, तर आज एक काम करा. वहीचं एक पान घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, पहाटेपासून झोपेपर्यंत तुमचं कोणतं काम तुम्हाला परत हवं आहे? त्या सांगतील तसंच लिहा, आपल्या सोयीचं करून लिहू नका. बोलता येत नसेल तर एकेक काम विचारा आणि मानेने होकार घ्या. तो कागद पुढच्या वेळी थेरपिस्टकडे न्या आणि त्यांच्या फॉर्मशेजारी ठेवा. आणि घरी आल्यावर, घास भरवायला हात पुढे गेला, तर आधी दहा अंक मोजा.